आलंच नाही, ते गेलं

१

वर्षाराणीचा स्वभाव संशयी, हे तिच्या माहेरी ठाऊक होतं आणि सासरी पहिल्याच आठवड्यात कळलं. दूधवाल्याचं माप, भाजीवालीचा काटा, नवऱ्याचं 'आलोच पाच मिनिटांत', कशावर म्हणून तिचा विश्वास नाही. सासू म्हणायची, हिला देव दिसला तरी ही आधी ओळखपत्र मागंल. पण ज्या स्वभावाला घरात नावं ठेवतात त्यावरच कुणाचं पोट चालतं, असंही जगात होतं. वर्षाराणी घरी बसून सॉफ्टवेअर लिहायची.

नवरा सम्राट शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत विक्रीचं काम बघायचा. त्या वर्षी गणपती उठले आणि फौंड्रीत दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. गेटवरचे वॉचमन केरबामामा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वय झालं होतं, त्यामुळे कुणाला फारसं नवल वाटलं नाही. आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग भलत्याच फौंड्रीत सापडलं. याचं मात्र सगळ्यांना नवल वाटलं.

मालक उदयसिंह यांनी वर्षाराणीला बोलावून घेतलं. "वर्षाताई, कोणतर डोंगल खुपसून माल भाईर काढालंय. मला नाव पायजे. ज्याचं नाव निघंल त्यो दसऱ्याचं सोनं घरात बसून वाटंल."

काम ऐकायला सोपं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरला बाहेरच्या जगाशी जोडणारी दारं असतात. केबलचं एक, वायफायचं एक, कुणी डोंगल खोचला की लगेच तिसरं. नवीन दार उघडलं किंवा असलेलं बंद झालं की ते त्याच क्षणी कळायला हवं. घोडं अडतं ते पुढे. फौंड्रीच्या लॅबमधलं मशीन लिनक्सचं, स्टोअरमधलं विंडोजचं, आणि परदेशी गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून सम्राटला दिलेला लॅपटॉप मॅक. तिघांच्या तीन तऱ्हा. विंडोजला सांगून ठेवलं की ते आपणहून हाक मारतं. लिनक्स आपल्याच नादात बडबडत असतं, आपण कान लावून बसायचं आणि कामाचं तेवढं वेचायचं. मॅकला नेमकं काय हवंय ते आधी बजावून ठेवावं लागतं, मग साहेब सवडीने कळवतात. वर्षाराणीने तिघांसाठी तीन वेगळे कोड लिहिले आणि सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं, राखण.

राखण सुरू झाली की पहिल्यांदा असलेली दारं मोजून घ्यायची आणि मग नजर ठेवायची. काही बदललं की वर्षाराणीच्या लॅपटॉपवर आवाज. ते आवाज सम्राटने हौसेने शाहूवाडीतल्या आपल्या गावच्या गोठ्यात रेकॉर्ड करून आणले होते. दार आलं की गाईच्या गळ्यातली घंटा. दार गेलं की गोठ्याची लोखंडी कडी.

"तुझ्या कॉम्प्युटरला जरा म्हशी-गाईंची सवय लागू दे, राणी," तो म्हणाला होता. राणी हे फक्त दोघं असताना. आणि बोलताना त्याचा उजवा गुडघा हलत होता. बसला की त्याचा गुडघा हलायचाच. लहानपणापासून आईचे फटके खाऊनही ती खोड गेली नव्हती.

२

राखण बसवायला वर्षाराणी स्वतः फौंड्रीत गेली. भट्टीतल्या लोखंडाचा नमुना तपासायची छोटी लॅब मागच्या अंगाला होती आणि तिथे नागसेन नावाचा केमिस्ट बसायचा. हसरा, बडबड्या माणूस, असं सम्राटकडून ऐकलेलं.

नागसेन खुर्चीत बसला होता. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोरचा स्क्रीन बंद.

"दादा, मशीन वापरू का जरा?"

त्याने खुर्ची मागे सरकवली नाही की मान वळवली नाही. ती शेजारी उभी राहून, अवघडून, कीबोर्डपर्यंत हात लांबवून काम करत राहिली. राखण सुरू झाली. लॅबच्या मशीनला दारं दोन, केबलचं आणि वायफायचं. तिने पुन्हा तपासलं, दोनच. एवढ्या वेळात नागसेनने एकदाही पापणी लववली नाही असं तिला वाटलं, पण पापण्या कोण मोजत बसतं. बाहेर पोरं नमुना घेऊन आली, हाका मारून कंटाळली आणि नमुना टेबलावर ठेवून गेली.

वर्षाराणीच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. कामावर येऊन काम न करणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा घाबरलेला. चोरीची चौकशी चालू असताना माणूस कशाला घाबरतो, हे सांगायला ज्योतिषी नको.

जाताना ती स्टोअरमध्ये थांबली. स्टोअरकीपर धोंडीराममामा म्हणजे मोठा गळा आणि मोठं मन. सम्राटची बायको म्हणून तिला वहिनी म्हणायचे.

"मामा, नागसेनवर जरा लक्ष ठेवा. मला त्याचं लक्षण बरं दिसत न्हाय."

"आपला नागसेन? छ्या! पोरगं सोनं हाय." मग त्यांचा आवाज खाली आला. "पर गुमान असतंय खरं. केरबा गेल्यापास्नं. तुमी म्हणताय तर बसतो की उद्या त्याच्याजवळ चहा घेऊन."

"बसा. आणि नजर हटवू नका."

हे तिनेच सांगितलं. पुढे तिला ते वाक्य शब्दाला शब्द आठवणार होतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी वाटण वाटत होती, तेव्हा कडी वाजली.

लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज मिक्सरच्या आवाजातूनही सरळ कानात आला. हात पुसत ती लॅपटॉपकडे गेली. स्क्रीनवर एक ओळ होती. लॅब, दार गेलं. दाराच्या नावाची जागा कोरी.

केबल सुटली असेल. तिने बघितलं. केबलचं दार जागेवर, वायफायचंही जागेवर. काल दोन होती, आज दोन आहेत. मग गेलं कोणतं?

घंटा वाजलीच नव्हती. जे आलंच नाही ते गेलं कसं? पाहुणा उठून जातो तेव्हा आधी तो आलेला असतो, निदान आपण घरी यायच्या आधीपासून बसलेला तरी असतो. पण बसलेला असता तर काल मोजताना दिसला असता. वर्षाराणीने आपलाच कोड वरपासून खालपर्यंत वाचला. तिला चूक सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं, कारण स्वतःच्या चुकीइतकं सुखाचं कारण दुसरं नसतं.

तिने सम्राटला फोन लावला. "अहो, लॅबमध्ये काय झालं का?"

"काय व्हतंय? नागसेन खुशीत हाय उलट. मघाशी धोंडीराममामा त्याच्याजवळ चहा घेऊन बसलेते, तवर हा ताडकन उठला. आता कँटीनमध्ये भजी हाणालाय."

ती दुपारी फौंड्रीत गेली. नागसेन लॅबच्या दारातच भेटला, हातात नमुना, तोंडाने बडबड. काल हाच माणूस पाहिला का, असं तिला वाटून गेलं.

"मॅडम, काल तुम्ही आलात तेव्हा उठलो न्हाय, राग मानू नका," तो म्हणाला आणि मग त्याचा चेहरा उतरला. "मला सगळं दिसत होतं बघा. सगळं ऐकू येत होतं. पोरं हाका मारत होती ते पण. फक्त उठावंसंच वाटत न्हवतं. घरी आई घास भरवायची, सकाळी भाऊ इथं आणून बसवायचा."

"कधीपासून?"

"केरबामामा गेल्यापासून. त्यांना खुर्चीत पयला मीच बघितलं. तवा जीव होता हो त्यांच्यात. डोळे उघडे, हात गुडघ्यावर. अँब्युलन्स येईस्तोवर मी त्यांच्या समोर बसलो, बघत. शेवटी त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. न्हाय न्हाय म्हणाल्यागत. आणि गेले."

"कशाला न्हाय?"

"काय माहीत." नागसेनने नमुना या हातातून त्या हातात घेतला. "डॉक्टर म्हणाले, दोन-तीन दिवस पोटात पाण्याचा थेंब नसणार. एवढी माणसं गेटातनं येत-जात होती. पण वॉचमनकडं कोण बघतंय?"

४

आता स्टोअरमध्ये आवाज नव्हता.

ही गोष्ट आधी कुणाच्या लक्षात आली नाही. आवाज असला की कळतो, नसला की वेळ लागतो. धोंडीराममामांनी कुणाला शिव्या घातल्या नाहीत, पाने कुठे गेले म्हणून कुणाच्या नावाने शंख केला नाही. लोकांना वाटलं, बी.पी.ची गोळी बदलली असेल. दुसऱ्या दिवशी वर्षाराणी खिडकीतून डोकावली तर मामा खुर्चीत होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. समोर काल सकाळच्या चहावर साय धरली होती.

भीती वाटली की माणूस कारण शोधतो, आणि संशयी माणसाला कारण फार लवकर सापडतं. तिला सापडलं. दोघं मिळालेले आहेत. नागसेनने माल काढला, मामांना वाटा दिला, म्हणून हा खुशीत आणि ते घाबरलेले. चहावरच्या सायीचं काय, हे मात्र त्या हिशेबात कुठे बसेना, म्हणून तिने ते बाजूला ठेवलं.

उदयसिंहांनी तिला ऑफिसात गाठलं. "नाव?"

"अजून न्हाय साहेब."

"खंडेनवमीच्या आत द्या. न्हायतर मी दोघा-चौघांना सरसकट काढतो. वल्याबरोबर सुकं बी जळंल, माझा इलाज न्हाय."

त्या रात्री जेवताना तिने सम्राटला सांगितलं, "उद्या मामांच्या समोर बसा. काहीतरी निमित्त काढा. त्यांच्यावरून नजर हटवू नका."

"मामांवर संशय? राणी, तू एक दिवस माझ्यावर पण राखण बसवशील." त्याचा गुडघा हलत होता, टेबलावरचं ताट खुळखुळत होतं.

"ताट धरा आधी," ती म्हणाली. तिला हसू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी वाजली. स्टोअर, दार गेलं. नाव कोरं. घंटा नाही.

वर्षाराणी खुर्चीत खाली बसली. लॅबचं मशीन लिनक्सचं होतं, हे विंडोजचं. दोन्हींचे कोड वेगळे. एका साक्षीदाराला भ्रम झाला म्हणता येतं. एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन साक्षीदार एकच खोटं शब्दाला शब्द बोलायला लागले, तर ते खोटं राहत नाही.

फोनवर नागसेन होता. त्याच्या मागे धोंडीराममामांचा आवाज सगळ्या शेडभर घुमत होता. माझा चहा कोण गार केलं रे, असं काहीतरी.

"आणि हे कुठं आहेत? सम्राट?"

"आत्ता मामांच्या समोर होते की. गेले वाटतं. घरला."

५

सम्राट घरी आला, चपला काढल्या, सोफ्यावर बसला. तिने चहा दिला. तो त्याने घेतला नाही. तिने विचारलं, डोकं दुखतंय का. त्याने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे डोळे तिच्याकडे वळले.

त्याचा गुडघा हलत नव्हता.

पुढचे दिवस असेच गेले. पाठीवर हात ठेवून चालवलं की चालायचा, ताटासमोर बसवलं आणि घास भरवला की गिळायचा. डॉक्टर म्हणाले, कामाचा ताण, सुट्टी घ्या. सासू गावाहून फोनवर म्हणाली, नजर लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळ. वर्षाराणीने दोन्ही केलं. तिने त्याचा फोन तपासला, खिसे तपासले, कुणा बाईचा मेसेज सापडला असता तर तिने त्या बाईला साडी-चोळी केली असती. मॅक उघडून दारं मोजली. जेवढी असायला हवीत तेवढीच होती. पण ती आता मोजण्यावर विश्वास ठेवत नव्हती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी उदयसिंहांचा फोन आला. आवाजात ओशाळेपणा होता. "वर्षाताई, चोर न्हाईच हो. गिऱ्हाइकाच्याच माणसानं ड्रॉइंग चुकून दुसऱ्याला मेल केलेतं. आपली समदी माणसं सोन्यासारखी. ती तुमची राखण बंद करा आता. सम्राट कसाय?"

"बरे आहेत," ती म्हणाली आणि फोन ठेवून रडली. चोर नव्हता. तिने ज्याच्या-त्याच्यावर डोळे रोखायला लावले ते उगाचच. नवरा सोफ्यावर बसून तिच्या रडण्याकडे पाहत होता, आणि तिला त्याची भयंकर आठवण येत होती.

राखण तिने बंद केली नाही.

६

खंडेनवमीला कोल्हापुरात हत्यार शांत असतं. भट्टी विझते, लेथ पुसून हळद-कुंकू लावून बंद ठेवतात, आणि पूजेला लागलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. वर्षाराणीने हॉलमध्ये पाट मांडले. विळी, कात्री, पक्कड, सासऱ्यांचं खुरपं, आणि शेवटी दोन्ही लॅपटॉप, तिचा आणि सम्राटचा, बंद करून. राऊटरचाही प्लग काढला. सकाळचं ऊन खिडकीतून झेंडूच्या फुलांवर आलं होतं. गॅसवर पुरणाची डाळ शिजत होती.

ती तबक घेऊन वळली, तर सम्राट ओळीत बसला होता.

आपला आपण उठून आला होता. लॅपटॉपच्या पलीकडे, जमिनीवर, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. तोंड तिच्याकडे.

"अहो, तिकडं कुठं? इकडं या, मी कुंकू लावतो, तुम्ही फुलं वाहा." कोल्हापूरची बाई, ती लावतोच म्हणायची. एरवी याच्यावरून तो तिच्या माहेरच्या पाहुण्यांसमोर चेष्टा करायचा.

तो हलला नाही. तिने विळीला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, पक्कड, खुरपं, दोन्ही लॅपटॉप. मग पुढचा तोच होता. त्याने कपाळ किंचित पुढे केलं होतं, लावून घ्यायला.

तिला पळावं असं वाटलं आणि त्याच वेळी दुसराही विचार आला, बायकोचा. पूजेला लागलेली वस्तू उद्यापर्यंत जागची हलत नाही. मग हाही निदान आज कुठे जाणार नाही. आपल्या देखत राहील. तिने हळद लावली, कुंकू लावलं, डोक्यावर फूल ठेवलं. कपाळ कोमट होतं. माणसाचंच होतं.

मग तिने एक पाट ओढला आणि त्याच्या समोर बसली. आज काय वाट्टेल ते होवो, याच्यावरून नजर हटवायची नाही. कुकरची शिट्टी झाली, पुन्हा झाली, तिने मान वळवली नाही. खालून कुणाच्या तरी स्कूटरला हार घालायची गडबड ऐकू येत होती. ती त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. तळाशी कुणीतरी होतं. ते तिला ओळखत होतं आणि मान हलवायचा प्रयत्न करत होतं. न्हाय, न्हाय.

कडी वाजली.

दोन्ही लॅपटॉप बंद होते. आणि फ्लॅटच्या दाराला कडी नव्हतीच, साधं लॅच होतं.

सम्राटचा गुडघा हलला. एकदा, मग थांबून, मग सवयीने भराभर. डोक्यावरचं फूल मांडीवर पडलं. त्याने हात उचलून बघितला, कपाळाचं कुंकू बोटाला लागलं ते बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"राणी," तो म्हणाला. "राणी, मला समदं दिसत होतं गं. तू रडलीस ते पण."

किती दिवसांनी ऐकलं तिने ते नाव! तिला उठून त्याच्या गळ्यात पडायचं होतं. डाळ लागल्याचा वास येत होता, गॅस बंद करायचा होता. पण हात गुडघ्यांवर होते आणि तिथेच ठीक होते. पाठ आपोआप ताठ झाली होती. उठावंसंच वाटत नव्हतं.

"राणी? बोल की."

आता तिला कळलं. केरबामामांसमोर नागसेन बसला. नागसेनसमोर मामा. मामांसमोर सम्राट. त्यातल्या दोघांना तिनेच बसवलं होतं, नजर हटवू नका म्हणून. तिला ओरडायचं होतं, उठा, गॅस बंद करा, फौंड्रीत जा, गावाकडं जा, कुठंही जा, माझ्याकडं बघू नका. आणि त्याच वेळी गेटवरची केरबामामांची ती खुर्ची तिला दिसत होती. तरीही तिला 'जा' असंच म्हणायचं होतं. एवढं प्रेम आपण या माणसावर करतो, हे तिला आधी कधी इतकं लख्ख कळलं नव्हतं.

तिने सगळा जीव गोळा केला आणि मान हलवली. केसाएवढी. न्हाय.

सम्राट धावत जाऊन गॅस बंद करून आला. पाणी आणलं, तिच्या ओठांना लावलं, खांदे धरून हलवलं, हाका मारल्या. मग तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि समोर मांडी घालून बसला, अगदी जवळ.

"घाबरू नको. तू माझ्यासाठी बसलीस, मी तुझ्यासाठी बसतो. तुझ्यावरनं नजर हटवत न्हाय बघ."

त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. खिडकीतलं ऊन पाटांवरून सरकत होतं. वर्षाराणी त्याच्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघत बसली.